लालबागचं ‘वळ की जरा’

“कापलंय,” काका म्हणाले.

ते डेंटिस्टच्या खुर्चीत आडवे होते. डोळे मिटलेले, चपला खाली जोडीने काढून ठेवलेल्या. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून गाणं अजून चालूच होतं, त्यामुळे त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. आमच्यात नियमच आहे, खुर्चीतल्या माणसाशी गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही. मी समोर, ‘दात कसे घासावेत’ या तक्त्याखाली भिंतीला टेकून बसले होते. गाणं संपलं, डॉक्टरांनी रेकॉर्डवरची पिन उचलली, तेव्हा काकांनी डोळे उघडले आणि छताला सांगितलं, “कंपनीने कापलंय.”

“काय कापलंय?” साहेबांनी विचारलं. ते याचीच वाट बघत होते.

“तुम्हाला माहितीये काय कापलंय.”

“मला कसं माहीत असणार? मी अख्खं गाणं ऐकलं. अगदी व्यवस्थित आहे. आमच्या दादरला जसं आहे तसंच आहे.”

“दादरला काय, दादरला मराठी माणूस नाचतो तरी का?”

मी हसू दाबण्यासाठी रेकॉर्डचं कव्हर तोंडासमोर धरलं. कव्हर मोठं असतं, त्याचा हाही एक उपयोग आहे.

गिरगावातला हा दवाखाना रविवारी बंद असतो, म्हणजे दातांसाठी. डॉक्टरांच्या घरात तीन पिढ्या, दोन टीव्ही आणि एक कुत्रा आहे. तिथे रेकॉर्ड ऐकणं शक्य नाही, म्हणून त्यांनी आपला प्लेअर आणि स्पीकर इथे आणून ठेवले. खुर्चीचा शोध चुकून लागला. एकदा पेशंट संपल्यावर त्या दमून तिच्यात आडव्या झाल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की डावं-उजवं इतकं नेमकं कानात पडणारी दुसरी जागा अख्ख्या मुंबईत नसेल. तेव्हापासून आम्ही पाळीपाळीने तिच्यात पडतो. पडलेल्या माणसाचं तोंड थोड्या वेळाने आपोआप उघडतं. डॉक्टर म्हणतात, “माझ्याकडे बघू नका तसं, माझे हात शिवशिवतात.”

आम्ही तिथे एकाच माणसाची गाणी ऐकतो. त्यांचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. ते मास्तर. आता ऐंशीच्या पुढचे आहेत. तरुणपणी याच गिरगावात त्यांनी अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवून, लग्नाच्या बँडमधले चार ट्रम्पेटवाले आणि एक इलेक्ट्रिक ऑर्गन गोळा करून चार अल्बम काढले. एखादी वरात चुकून चर्चमध्ये शिरावी आणि तिथेच रमावी, असं काहीसं ते संगीत आहे. मी ते पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा ऑफिसच्या पँट्रीत उभी होते, आणि चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. तिथून पुढे शोधत शोधत एका व्हिडिओखाली मी इंग्रजीत काहीतरी लिहिलं. डॉक्टरांनी खाली मराठीत उत्तर दिलं: रविवारी या.

मी गेले. मग जातच राहिले. पण त्या खोलीत माझ्या तोंडून ‘हो’, ‘चालेल’ आणि ‘साखर नको’ यापलीकडे फारसं काही निघत नसे. माझी शाळा इंग्रजी. मराठी मी घरी आईशी बोलते, आणि तिच्याशी बोलताना शब्द सापडला नाही तर ती तो पुरवते. बाहेर तसं कुणी पुरवत नाही. बाहेर त्या रिकाम्या जागेत सगळे माझ्याकडे बघत राहतात. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, आणि गप्प बसणाऱ्याला ऐकायला फार छान छान गोष्टी मिळतात.

काका लालबागचे. त्यांचं फ्रेमचं दुकान आहे, देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो. पहिल्या रविवारी मी दारात घुटमळत उभी होते तेव्हा त्यांनी काही न विचारता एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, भिंतीशी ठेवली आणि म्हणाले, “बस गो बाय. इथे कुणी परीक्षा घेत नाय.” त्यानंतर त्यांनी मला कधीही काहीही विचारलं नाही. याच्याइतकी दुसरी चांगली गोष्ट माझ्यासाठी त्या वर्षात कुणी केली नाही.

साहेब दादरचे, बँकेत मॅनेजर होते. त्यांच्याकडे चारही अल्बमच्या पहिल्यांदा निघाल्या तेव्हाच्या तबकड्या आहेत, आणि ते त्यांना तबकड्याच म्हणतात. काकांकडे आहेत कॅसेटी. या दोघांचं भांडण मी यायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे, आणि ते दोन सेकंदांवरून आहे.

मास्तरांच्या दुसऱ्या अल्बममध्ये एक गाणं आहे. मुलगी रस्त्याने पुढे चाललीय, मुलगा मागून येतोय, ट्रम्पेट वाजतायत, आणि मग सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि मास्तर म्हणतात, “वळ की जरा.” की पुन्हा ट्रम्पेट. साहेबांच्या तबकडीवर हे एकदा आहे. काकांच्या कॅसेटवर तीनदा. वळ की जरा, वळ की जरा, वळ की जरा, आणि मग ट्रम्पेट. नुसती काकांचीच कॅसेट नव्हे. लालबाग, काळाचौकी, परळपर्यंत ज्यांनी ज्यांनी गणपतीत हे गाणं ऐकलंय त्यांच्यासाठी ते तीनदाच आहे. हळदीला हे गाणं लागलं की तिकडची माणसं तीन गिरक्या घेतात. गिरगाव-दादरचा पाहुणा एक गिरकी घेऊन थांबतो आणि दुसऱ्या गिरकीतला कुणीतरी त्याला येऊन धडकतो.

“तुमची आवृत्ती आखूड आहे,” काकांचं म्हणणं. “मागाहून काढलेली.”

“माझी पहिली आहे. तुमच्या कॅसेटी कुणी भरल्या ते आधी सांगा.”

“आमच्या मंडळाच्या साउंडवाल्याने. थेट रेकॉर्डवरून.”

त्यात काकांचं लग्न अडकलंय. म्हणजे ते याच गाण्यावर जुळलं. गणपतीच्या मंडपासमोर काका नाचत होते, बायकांच्या घोळक्यात काकू उभ्या होत्या, पाठमोऱ्या. पहिल्या ‘वळ की जरा’ला त्या वळल्या नाहीत. दुसऱ्यालाही नाहीत. तिसऱ्याला वळल्या. काका ही गोष्ट सांगताना तिसऱ्यावर नेहमी थांबतात, मग चष्मा काढून पुसतात. “आता मला सांगा,” ते साहेबांना म्हणतात, “एकदाच असतं तर माझी पोरं कुठून आली?”

तर या वर्षी रेकॉर्ड कंपनीने चारही अल्बमची डिलक्स आवृत्ती काढली. चार रेकॉर्डी चार रंगांच्या, जाड पुठ्ठ्याची पेटी, फोटोंचं पुस्तक, आणि वर दोन जादा रेकॉर्डी, ज्यांत न वापरलेली रेकॉर्डिंग आहेत. पेटीवर छापलं होतं: मूळ टेपवरून, संपूर्ण. ते ‘संपूर्ण’ वाचून काका इतके हरखले की पेटी त्यांनीच घेतली. त्यांच्याकडे प्लेअर नाही. ती पेटी त्यांनी दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी ठेवली आणि लगेचच्या रविवारी टॅक्सीने, मांडीवर घेऊन, गिरगावात आणली.

ती फोडतानाचे आमचे चेहरे कुणीतरी बघायला हवे होते. डॉक्टरांनी ग्लोव्हज घातले. खरोखर घातले. हिरवी रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा साहेब म्हणाले, “ही तर जेली आहे,” आणि तिचा वास घेऊन बघितला. पुस्तकात मास्तरांचा बेलबॉटममधला फोटो निघाला आणि डॉक्टर बराच वेळ दुसऱ्या पानावर जाईनात.

पहिला अल्बम लावला आणि घात झाला. त्यातल्या दुसऱ्या गाण्याआधी एक खोकला आहे. अगदी बारीक, घसा साफ केल्यासारखा. आमच्यात तो खोकला येईपर्यंत सगळे श्वास रोखून बसतात आणि आला की माना डोलावतात. नव्या रेकॉर्डवर आम्ही श्वास रोखले, आणि गाणंच सुरू झालं.

“खोकला काढला,” डॉक्टर म्हणाल्या.

“साफसफाई केलीय,” साहेब म्हणाले. “तो खोकला मी माझ्या लग्नाआधीपासून ऐकतोय हो.”

पाच मिनिटं सुतक पाळल्यासारखी गेली. मग काका खुर्चीत आडवे झाले, दुसरा अल्बम लागला, वाद्यं थांबली, मास्तर एकदा “वळ की जरा” म्हणाले, ट्रम्पेट वाजली. आणि काका म्हणाले, कापलंय.

यात तर्क होता. जो माणूस खोकला कापतो तो आणखी काय काय कापेल? डॉक्टर डळमळल्या. मग आम्ही जादाच्या रेकॉर्डी लावल्या आणि त्या गाण्याची न वापरलेली रेकॉर्डिंग एकामागून एक ऐकली. एकात मास्तर ट्रम्पेटवाल्यावर ओरडतात, “तू घरी काय मुलं झोपवतोस का हे वाजवून?” एकात कुणीतरी चहा मागतं. एकात मास्तर “वळ की” म्हणून थांबतात आणि परत “वळ की” म्हणतात; काका खुर्चीतून इतक्या जोरात उठले की वरचा दिवा त्यांच्या कपाळाला लागला. पण त्या वेळी मास्तर नुसते अडखळले होते. सगळीकडे एकदाच. साहेब बिस्कीट खात होते, फार हळू, मजा घेत घेत.

मग डॉक्टरांनी बातमी फोडली. पुढच्या रविवारी मास्तर येणार होते. इथे, दवाखान्यात. त्यांनी ओळख कुठून काढली ते त्या सांगेनात. आम्ही आपापसांत मास्तरांच्या कवळीबद्दल अंदाज बांधले.

काकांनी कपाळ चोळणं थांबवलं. “मग झालं तर. मी त्यांनाच विचारतो. सगळ्यांसमोर. का कापू दिलं म्हणून.”

“विचाराच,” साहेब म्हणाले. “मी माझ्या दोन्ही मुलांना आणतो ऐकायला. बायकोलाही आणतो.”

“आणा. माझीपण येईल.”

मी परळला घरी आले ती जवळजवळ उड्या मारतच. मास्तर येणार होते. आई जमिनीवर बसून करंदी, ती बारीक कोळंबी, सोलत होती. माझ्या आईचं माहेर लालबाग, पण मी घरी या भांडणाबद्दल कधी बोलले नव्हते. माझे रविवार मी कुणाला फारसे सांगत नाही. त्या दिवशी मात्र पोटात मावत नव्हतं. मी विचारलं, “आई, ते ‘वळ की जरा’ किती वेळा आहे गं गाण्यात?”

“तीनदा,” आई म्हणाली. मग करंदीचं डोकं मोडता मोडता म्हणाली, “म्हणजे, आहे एकदाच. आमच्या रेकॉर्डवर चरा होता ना.”

मी खाली बसले.

“पिन अडकायची तिथे,” आई सांगू लागली, जणू मी भाजीचा भाव विचारला होता. मंडळाचा साउंडवाला चहाला गेला की तास तास परत यायचा नाही. गणपतीच्या मागच्या पडद्याआड टेबल होतं, तिथे रेकॉर्ड बदलायला तो माझ्या आईला बसवून जायचा, कारण तिचा हात हलका होता आणि ती लहान असल्यामुळे कुणाला दिसायची नाही. त्या गाण्यात पिन अडकली की ‘वळ की जरा’, ‘वळ की जरा’ चालूच राहायचं. मग ती बोटाने पिन हळूच पुढे ढकलायची. गंमत अशी की अडकायचं ते अगदी ठेक्यात. बाहेर नाचणाऱ्यांना काही कळायचंच नाही.

“मग तीनदाच का?”

“पहिल्यांदा मी चाचपडले, तोवर तीनदा झालं. बाहेर पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग म्हटलं, यांना आवडतंय तर असू दे. मग रोज तीनदा.”

“आणि कॅसेटी?”

“त्याच रेकॉर्डवरून भरल्या त्याने. त्या वेळी पण मीच बसलेले. तो म्हणाला, जसं मंडपात वाजतं तसंच पायजे लोकांना.”

मला हसू आवरेना. लालबागपासून परळपर्यंतच्या सगळ्या हळदी, सगळ्या गिरक्या, एवढे धडकलेले पाहुणे, आणि या सगळ्याच्या मुळाशी करंदी सोलणारं हे बोट. मी ते हातात घेऊन बघितलं. आई म्हणाली, “सोड, वास लागेल.”

मग मी तिला काकांबद्दल सांगितलं. फ्रेमवाले म्हटल्याबरोबर तिने ओळखलं. “अगो, तो? तो पडद्याच्या फटीतून दिसायचा मला. जीव तोडून नाचायचा. लग्न जमलं त्याचं त्याच्यावर? बघ.” तिला फार बरं वाटलं. मग मी मास्तर येणार आहेत आणि काका काय विचारणार आहेत ते सांगितलं, तेव्हा तिचे हात थांबले.

“त्याला आधी सांग,” ती म्हणाली. “एकट्याला गाठून सांग. चारचौघांत हसं होईल त्याचं.”

“तूच सांग ना. चल माझ्याबरोबर.”

“मी कशाला? मला नाय जमणार तिथे दवाखान्यात. तू सांग. तुझे मित्र ना ते?”

माझे मित्र. मग फोन घेतला आणि काकांना लिहायला लागले. ‘काका, एक सांगायचं होतं’ इथपर्यंत नेहमी छान जमायचं. पुढे ‘चरा’ लिहिलं की वाटायचं, मी त्यांच्या लग्नावर चरा ओढतेय. इंग्रजीत लिहून बघितलं तर ते ऑफिसच्या मेलसारखं दिसायला लागलं. सगळं पुसलं. तेवढ्यात त्यांनाच दिसलं असणार की मी काहीतरी टाइप करतेय, कारण त्यांचा मेसेज आला: बाय, काय झालं? मी एक अंगठा पाठवला.

मग मी दुकानात जायचं ठरवलं. नुसतं कसं जायचं, म्हणून फ्रेम करायला काहीतरी हवं होतं. घरात फ्रेम करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी ऑफिसच्या कॅलेंडरमधलं दीपस्तंभाचं चित्र फाडून घेतलं. काकांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि गंभीरपणे बघितलं. “छान आहे. तू काढलंस?”

“नाही,” मी म्हणाले.

“भोवती कागदी माउंट घालू? क्रीम कलरचं चांगलं दिसेल.”

“चालेल.”

गल्ल्यावर काकू बसल्या होत्या, बिलं लावत. काकांनी माझी ओळख करून दिली, “ही आमची रविवारची,” आणि मला स्टुलावर बसवून ती गोष्ट पुन्हा सांगितली, पहिल्या ‘वळ की जरा’पासून. मला वाटलं, गोष्ट संपली की बोलू. तिसऱ्यावर ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले तेव्हा काकू मान वर न करता म्हणाल्या, “मी यांच्याकडे बघितलंच नव्हतं. माझी चप्पल मागे राहिली होती, ती बघत होते.”

“तिसऱ्यालाच कशी राहिली?” काका म्हणाले.

“गर्दीत राहते ती कधी पण राहते.”

“तिसऱ्याला. तिसऱ्यालाच.” ते मला म्हणाले, “चप्पल हा बहाणा. चाळीस वर्षं झाली, अजून लाजते.” काकूंनी बिलावर शिक्का मारला, पण ओठ दाबून. त्या दोघांच्या मध्ये बसून, ‘काका, पिन अडकायची’ हे वाक्य कुठे ठेवायचं ते मला सापडेना. मी दीपस्तंभासाठी सोनेरी पट्टी निवडली आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर मला इतकं हसू आलं की मी एका मसाल्याच्या पेढीच्या दारात, मिरच्यांच्या पोत्याआड तोंड लपवून उभी राहिले. मग शिंका आल्या.

रविवार उजाडला. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतही पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब खरोखरच मुलांना आणि बायकोला घेऊन आले होते. काकू मोरपंखी साडीत, काका इस्त्रीच्या शर्टात, बाहीची घडी कडक. डॉक्टरांनी फुलं आणली होती आणि ती चूळ भरायच्या भांड्यात ठेवली होती, कारण दुसरं काही नव्हतं. मी माझ्या तक्त्याखाली. दोन बोटांच्या अंतरावर काका होते, आणि अजूनही मी त्यांच्या कानात सांगू शकत होते. मी “काका” म्हणालेही. ते वळले. “घाबरू नको, मी सभ्यपणे विचारणार,” ते म्हणाले. आणि मास्तर आले.

मास्तर फार बारीक होते. जिना चढून दमलेले, खांद्यावर शबनम पिशवी, आणि डोळे मात्र असे की कुणी विनोद सांगायच्या बेतात असावं. त्यांना कुठे बसवायचं हा प्रश्नच नव्हता. ते डेंटिस्टच्या खुर्चीत बसले. डॉक्टरांनी सवयीने पायाने बटण दाबून खुर्ची मागे झुकवली, दिवा लावला, आणि निळा कागदी रुमाल त्यांच्या गळ्याशी नेता नेता थांबल्या.

“वरची दाढ आहे,” मास्तर म्हणाले. “पण ती नंतर.”

त्यानंतरचा तासभर मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तो हसण्यात घालवला. साहेबांनी खोकल्याचं विचारलं. कंपनीने त्यांचा खोकला काढून टाकला, त्यांना वाईट नाही का वाटलं?

“माझा नव्हता तो,” मास्तर म्हणाले. “ऑर्गनवाल्याचा. विड्या ओढायचा. मी तेव्हाच सांगितलं होतं काढा म्हणून.”

साहेबांची बायकोच आधी हसली, आणि मग सगळी खोली. साहेबसुद्धा, पण थोडे उशिरा. वर्षानुवर्षं ते एका ऑर्गनवाल्याच्या विडीला मान डोलावत होते.

या हशातच काका उभे राहिले. त्यांनी हात जोडले. “मास्तर, मी लालबागचा. एक विचारायचं होतं. तुमचं ते ‘वळ की जरा’ गाण्यात तीनदा आहे. नव्या पेटीत एकदाच आलंय. तुम्ही कापू कसं दिलंत?”

मास्तरांनी खुर्चीतून मान वर केली. “तीनदा? नाही हो. एकदाच आहे.”

“आठवून बघा ना मास्तर. फार वर्षं झाली.”

“माझंच गाणं आहे ना? मी एकदाच गायलोय. एकदाच लिहिलंय.”

साहेबांनी मांडीवर थाप मारली. त्यांची मुलं हसली, मग मागचं कुणी हसलं, आणि आधीच्या हशाचं उरलेलं हसू त्यात मिसळलं आणि ते खूप मोठं झालं. कुणाच्याही मनात वाईट काही नव्हतं. पण काका बसले नाहीत. ते तसेच हात अर्धवट जोडलेले घेऊन उभे होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. काकूंनी त्यांच्या इस्त्रीच्या बाहीला धरलं. “बसा,” त्या हळूच म्हणाल्या. ते हळूच म्हणणं मला सहन झालं नाही.

“मग आम्ही काय ऐकलं?” काकांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. आवाज अगदी खाली गेला होता.

मास्तर आता हसत नव्हते. त्यांनी दिवा हाताने बाजूला केला, काकांकडे नीट बघितलं, आणि मग खोलीभर नजर फिरवली. “अहो, असेलही. पण मी नाही केलं. मग तीनदा केलं कुणी?”

मी उभी होते. कधी उठले ते मला माहीत नाही. माझ्या मांडीवरचं फोटोंचं पुस्तक खाली पडलं आणि बेलबॉटममधले मास्तर जमिनीवर उघडे झाले. सगळे माझ्याकडे बघत होते, साहेब तर असे, जणू भिंतीवरचा तक्ताच बोलणार आहे. काका पण बघत होते.

“माझ्या आईने,” मी म्हणाले. “लालबागच्या मंडपात रेकॉर्ड ती लावायची, पडद्याच्या मागे बसून. रेकॉर्डवर चरा होता, पिन अडकायची. तीनदा झालं की ती बोटाने पुढे ढकलायची. काकांनी बरोबर ऐकलंय, लालबागला सगळ्यांनी बरोबर ऐकलंय. मास्तर, तुम्ही एकदा तीनदा म्हणून बघा ना. आम्ही वळतो.”